केशरची तब्येत

कोबे, ९ नोव्हेंबर २०१८

चि. मैथिली,

आशीर्वाद आहेतच, ते दर पत्रात नव्याने देत बसत नाही. हे पत्र तक्रारीचं आहे.

तू सप्टेंबरात आणून दिलेल्या सापाने काल पुन्हा खाल्लेलं बाहेर टाकलं. पहिल्या वेळी मला वाटलं, नव्या जागेने बिचारीचं पोट बिघडलं असेल. माझंही जपानात आल्या आल्या बिघडलं होतं. पण काल पेटी उघडली तर अर्धवट पचलेल्या उंदराचा गोळा कागदावर पडलेला, आणि वास असा की मी घरातल्या सगळ्या खिडक्या उघडल्या. केशर कोपऱ्यात निपचित. तिच्या अंगाच्या मध्यावर फुगवटा दिसतो. पोट रिकामं असताना फुगवटा कसला, ते तू मला सांग.

हा साप मी हौसेने घेतलेला नाही. मला साप आवडत नाहीत, अजूनही मी केशरला हातमोजे घालून उचलते. गेल्या वर्षी आम्ही तुझ्याकडे कोतोला आलो होतो, तेव्हा तू तुझ्या काकांच्या, माधवच्या, उजव्या हातावर सहज एक साप ठेवलास आणि तो मनगटाला वेढा घालून बसला. पार्किन्सनच्या कुठल्याही गोळीने त्या हाताचा कंप तेवढा थांबला नव्हता. माझा चहा निवून गेला, मी त्याच्या हाताकडेच बघत राहिले. आमच्या इमारतीत कुत्रंमांजर चालत नाही, पण न ओरडणारा प्राणी चालतो, असं घरमालकाकडून मी लेखी आणलं, ते त्यासाठी. आता रोज संध्याकाळी माधव खुर्चीत बसतो, केशरला हातावर घेतो, आणि तेवढ्या वेळात माझ्याशी बोलतो. बाकी दिवसभर बोलत नाही. केशर गेली तर ती संध्याकाळ गेली. माझ्याकडे आता तेवढंच आहे.

निवृत्त होईपर्यंत मी मोत्यांच्या पेढीत पत्रव्यवहार सांभाळला, हे तुला ठाऊक आहे. ‘माल आमच्याकडून निघाला तेव्हा निर्दोष होता’ हे वाक्य मी डोळे मिटून टाइप करू शकते. तेव्हा ते मला लिहू नकोस. साप आजारी होता का, हो किंवा नाही, एवढं कळव. आणि ते फोनवरच्या त्या हिरव्या चौकटीत नको. तिथे लोक हसरे चेहरे पाठवून सुटतात. कागदावर लिही.

सुहासिनीकाकू


कोतो, तोक्यो, १३ नोव्हेंबर २०१८

ती. सुहासिनीकाकूंना मैथिलीचा नमस्कार.

कागदावर मराठी लिहून इतकी वर्षं झाली की माझं अक्षर मलाच ओळखू येईना. चुका पोटात घाला.

केशरचं वाचून फार वाईट वाटलं. काकू, रागावू नका, पण काही गोष्टी विचाराव्याच लागतात. पेटीची एक बाजू अजून उबदार आहे ना? भूकंपानंतर आम्ही दोघं नवराबायको तोक्यो सोडून तुमच्याकडे येऊन राहिलो होतो, तेव्हापासून मला माहीत आहे की तुम्ही हीटर बंद करून दोन स्वेटर घालता. सापाला स्वेटर नसतो.

दुसरं, गोठवलेले उंदीर कुठे ठेवता? तुमच्या सासूबाईंचे देव स्वयंपाकघरात आहेत. त्या वेळी विश्वजितसाठी आणलेली अंडीसुद्धा तुम्ही बाल्कनीतल्या पेटीत ठेवली होतीत आणि तिथेच स्टोव्ह नेऊन उकडली होतीत. उंदीर जर बाल्कनीत असतील तर ते थोडे सुटतात, पुन्हा कडक होतात, आणि असं शिळं मांस सापाच्या पोटात टिकत नाही.

तिसरं विचारायला जड जातं. केशरने खाल्ल्यावर निदान दोन पूर्ण दिवस तिला कोणी उचलायचं नसतं. काका उचलतात का?

सध्या दोन आठवडे तिला काही खायला देऊ नका, फक्त पाणी आणि ऊब. आणि तेवढे दिवस हातावरही घेऊ नका. ती माझ्याकडे होती तेव्हा नीट खात होती. होईल ठीक.

विश्वजितचा नमस्कार. तो या महिन्यात रोज शेवटच्या गाडीने घरी येतो, म्हणून वेगळं लिहीत नाही.

तुमची,
मैथिली


कोबे, १७ नोव्हेंबर २०१८

चि. मैथिली,

किती गोड लिहिलं आहेस. पेढीत असतीस तर मी जाताना तुलाच माझ्या खुर्चीवर बसवलं असतं.

गिऱ्हाइकाच्या तक्रारीला उत्तर द्यायचं नाही, गिऱ्हाइकालाच प्रश्न विचारायचे, हे मी तू जन्मायच्या आधीपासून करते आहे. मोत्याचं पाणी उतरलं? बाईंनी अत्तर कुठे लावलं होतं? बाईंना घाम फार येतो का? अशी दोन पत्रं गेली की गिऱ्हाईक आपल्याच घामाची लाज वाटून गप्प बसतं. मला लाज वाटत नाही, मला राग येतो.

तरी उत्तरं घे. पेटी तू सांगितलीस तशी उबदार आहे. हीटर माझ्यासाठी बंद असतो, केशरसाठी नाही. उंदीर कुठे ठेवायचे हा माझ्या घरातला प्रश्न आहे आणि ते दगडासारखे गोठलेले असतात. माधव तिला खाल्ल्यानंतर हात लावत नाही. त्याचा हात हलतो, डोकं जागेवर आहे.

तुझं पथ्य मात्र पाळते आहे. माधवला सांगितलं, दोन आठवडे केशर हातावर नाही. तो म्हणाला, “का, मी काय केलं?”

“तू नाही रे, मैथिली म्हणते.”

“मैथिलीला म्हणावं, तू दोन आठवडे फोनला हात लावू नकोस, मग बघू.”

पूर्वी तो असाच बोलायचा. मी हसले. पण संध्याकाळी तो नेहमीच्या वेळी खुर्चीत येऊन बसला, पेटीकडे बघत राहिला, आणि त्याचा हात खुर्चीच्या लाकडावर टकटक वाजत राहिला. मी खुर्चीच्या हातावर टॉवेल गुंडाळला. आवाज गेला. तो त्यानंतर एक शब्द बोलला नाही, काल नाही, आज नाही.

आणि मी विचारलेल्या प्रश्नाचं तू उत्तर दिलेलं नाहीस. ‘नीट खात होती’ हे उत्तर नाही. शाळेत आमच्या सिस्टर ॲग्नेस म्हणायच्या, हो का नाही विचारलं की हो किंवा नाही म्हण, निबंध नको. इथला नियम मी वाचला आहे. प्राणी विकणाऱ्याने तो समोर आणून दाखवायचा आणि त्याची तब्येत तोंडाने सांगायची, म्हणूनच तू एवढ्या लांब आलीस. दुपारभर माझ्याकडे होतीस. तब्येतीबद्दल एक अक्षर बोलली नाहीस. तोक्योत ज्या कचेरीत प्राणी विकणाऱ्यांची नोंदणी असते तिचा पत्ता माझ्याकडे आहे, आणि मला पत्र लिहिता येतं.

सुहासिनीकाकू


कोतो, २२ नोव्हेंबर २०१८

ती. काकू,

कचेरीत लिहू नका. पाया पडते असं समजा.

तुम्ही म्हणाल, हिला धंद्याची काळजी. आहे. मी इथे विश्वजितची बायको म्हणून आले. त्याची कंपनी, त्याचा व्हिसा, बँकेत त्याचं नाव, इंडियन स्कूलच्या बायकांत मी ‘मूल नसलेली ती’. सापांच्या दुकानात बाइतोला, म्हणजे अर्धवेळ कामाला, लागले ती वेळ जावा म्हणून. चार तास पेट्या पुसायच्या. तिथे मला पहिल्यांदा कुणी विचारलं, मैथिली-सान, हिला काय झालं असेल? आणि मला कळायचं काय झालं असेल. मग परीक्षा दिली, घरातली मागची खोली रिकामी केली, माझ्या नावावर नोंदणी केली. विश्वजितच्या ऑफिसात त्याला विचारतात, तुमच्या हेबी-सान कशा आहेत? हेबी म्हणजे साप. तो हसतो, मीही हसते. पण ती खोली माझी आहे, काकू. तक्रार गेली की माणसं तपासायला येतात, आणि आमच्या इमारतीत ते सगळ्यांना कळतं.

मी केशरला परत घेते. तिची सख्खी बहीण माझ्याकडे आहे, एकाच वेळची अंडी, रंग तोच, डोक्यावरची खूणसुद्धा जवळजवळ तशीच. पुढच्या आठवड्यात गाडी घेऊन येते आणि बदलून देते. काकांना कळणारही नाही.

तुमची,
मैथिली


कोबे, २७ नोव्हेंबर २०१८

चि. मैथिली,

बदलून देते म्हणालीस. तुझ्याकडे नवरेही बदलून मिळतात का, सख्ख्या भावाशी, खूण जवळजवळ तशीच? मी विचार केला असता. कंप नसलेला असेल तर बघ.

माधवला कळणार नाही असं तुला कशावरून वाटतं? त्याला काल काय जेवला ते आठवत नाही, पण केशर मनगटाला आधी डावीकडून वेढा घालते आणि शेपटीचं टोक त्याच्या अंगठ्याखाली खुपसते, हे त्याने मला पंधरा वेळा दाखवलं आहे. दुसऱ्या सापाने उजवीकडून सुरुवात केली की तो माझ्याकडे बघेल. त्या नजरेला काय उत्तर देऊ?

आता घडलेलं सांगते. ओकारीपासून मोजलेले पथ्याचे दिवस संपल्यावर परवा तिला अगदी लहान उंदीर दिला. तो काल बाहेर आला. मी वाट बघितली नाही. सापांना तपासणारा डॉक्टर कोबेत मिळेना. निशिनोमियात एक आहे, हमादा म्हणून. तुला ठाऊकच आहे, ट्रेनमध्ये साप नेऊ देत नाहीत. म्हणून केशरला टोपलीत घातलं, वर शाल टाकली आणि टॅक्सी केली. ड्रायव्हरने विचारलं, आत काय आहे? मी म्हटलं, कासव. म्हणाला, माझ्या आईकडेही कासव आहे, चाळीस वर्षांचं, दीर्घायुषी प्राणी. सगळा रस्ता तो मला कासवाला काय खायला घालावं ते सांगत होता आणि मी मान हलवत होते. या वयात नन्सना तोंड दाखवायची सोय मी ठेवली नाही.

हमादा डॉक्टरांनी तिला हातात घेतलं, बोटं फुगवट्यावर थांबवली, आणि त्यांचा चेहरा इथल्या लोकांचा होतो तसा सभ्य झाला. त्यांनी पोटातलं पाणी काढून तपासणीला पाठवलं आहे. निकाल दहाएक दिवसांत येईल. विचारलं, घरी दुसरा साप आहे का? मी म्हटलं, नाही. म्हणाले, ते बरं आहे. का बरं आहे ते सांगितलं नाही.

निकाल आला की कुणाचा दोष ते कागदावर येईल. तोवर कचेरीला लिहीत नाही. ही मेहरबानी नव्हे, पुराव्याशिवाय मी पत्र पाठवत नाही.

सुहासिनीकाकू


कोतो, ३ डिसेंबर २०१८

ती. काकू,

तुमचं पत्र आल्यापासून मी कामं काढत बसले आहे, म्हणजे लिहायला नको. आज सगळी कामं संपली.

तुमच्याकडे आले त्या दिवशी मी सांगायला सुरुवात केली होती. तोक्योहून गाडी चालवून आले होते, केशरची पेटी हातात होती, आणि दारातच म्हटलं, काकू, हिच्याबद्दल थोडं बोलायचंय. तुम्ही म्हणालात, “आधी जेव. तोंड बघ केवढंसं झालंय.” पुऱ्या केल्या होत्यात. जेवण झाल्यावर म्हटलं, विकणाऱ्याने तब्येतीची माहिती सांगायची असते. तुम्ही म्हणालात, “घरच्या मुलीकडून मी काय माहिती ऐकून घेऊ? उठ, ओटी भरते.” जीन्सवर तुमची ओढणी घ्यायला लावलीत, तांदूळ आणि खण घातलात, आणि घरात नारळ नव्हता म्हणून मिकान, इथलं संत्रं, ठेवलंत. माझी ओटी आई गेल्यापासून कुणी भरली नव्हती. ओढणीत ते फळ धरून मी काय बोलणार होते?

तरी बोलायला हवं होतं. तेवढ्यात काकांनी केशरला घेतलं. त्यांचा हात थांबला, आणि ते तुम्हाला म्हणाले, “सुहास, उद्या निळा शर्ट काढ.” तुम्ही उठून आत गेलात आणि नळ सोडलात. भांडी केव्हाच घासून झाली होती, काकू. नळ बराच वेळ वाहत होता. तुम्ही बाहेर आल्यावर मला सांगता आलं नाही.

सांगायचं होतं ते हे. ऑगस्टमध्ये केशरच्या शेजारच्या पेटीतल्या सापाने खाल्लेलं टाकलं होतं. मी म्हटलं, उन्हाळा आहे. केशर तेव्हा खरोखर नीट खात होती. तो दुसरा साप ऑक्टोबरात मेला. मी कुणालाच कळवलं नाही, तुम्हालाही नाही, आणि तुमच्या पहिल्या पत्राला उत्तर म्हणून तुम्हाला उंदरांबद्दल विचारलं.

एक परजीवी असतो, डोळ्यांना न दिसणारा, सापाच्या पोटाच्या अस्तरात राहतो. पाण्याच्या भांड्यावरून, पुसायच्या फडक्यावरून, माझ्या हातांवरून तो एकाकडून दुसऱ्याकडे जातो. महिनोन्‌महिने काही दिसत नाही, मग ओकाऱ्या, मग तो फुगवटा. त्यावर औषध नाही. हमादा डॉक्टर तेच शोधत असणार. मी माझ्या खोलीतल्या सगळ्यांचे नमुने पाठवले आहेत. मी तुम्हाला देऊ केलेल्या त्या बहिणीचाही.

तुम्ही हो किंवा नाही विचारलं होतं. हो, असं मला वाटतं.

मैथिली


कोबे, ९ डिसेंबर २०१८

चि. मैथिली,

निकाल आला. हमादा डॉक्टरांनी मला खुर्ची दिली आणि स्वतः उभे राहिले. मग म्हणाले, फार वाईट वाटतं, पण तो परजीवीच आहे. रोग जुना आहे, तुमच्याकडे येण्याआधीचा. त्यांनी वाकून नमस्कार केला, जणू त्यांनीच लावला होता.

तर मी जिंकले. साप आजारीच दिला होता, दोष पूर्णपणे विक्रेत्याचा, खरेदीदाराकडून काहीही चुकलेलं नाही. उभ्या आयुष्यात पेढीच्या विरुद्ध एवढं स्वच्छ प्रकरण मी पाहिलं नव्हतं. टॅक्सीत बसल्यावर मला कळलं, मी काय जिंकले ते.

आता नीट वाच. मी तुला खोटं लिहिलं होतं. उंदीर बाल्कनीतच होते, बर्फाच्या पेटीत. सासूबाईंच्या देवांच्या शेजारी फ्रीजमध्ये ते ठेवणं माझ्याने झालं नाही. कॉन्व्हेंटने मला इंग्रजी दिलं, धीर नाही दिला. बर्फाचं पाणी झालेलं मी पाहिलं होतं, तरी तोच उंदीर तिला घातला. आणि माधव तिला खाल्ल्याच्या दुसऱ्याच दिवशी घ्यायचा. मी समोर बसलेली असायचे. काही बोलले नाही, कारण तो बोलत असायचा.

म्हणजे चूक माझी आहे. हे तू मला लिहून दे.

तुझी चूक असेल तर त्यावर इलाज नाही. माझी असेल तर मी उद्यापासून सुधारते. फ्रीजचा वरचा खण मी आजच रिकामा केला. देव दिवाणखान्यात नेऊन ठेवले, माधवने विचारलं, “यांची बदली झाली का?” त्याला जे सांगशील ते पथ्य मी पाळायला लावीन. तू एवढंच लिही की शिळ्या उंदरांनीही असा फुगवटा येतो, हाताळल्यानेही येतो, तपासणीत कधी कधी उगाचच दुसरं काही दिसतं. तुला सापांतलं कळतं. हमादा डॉक्टर चांगला माणूस आहे, पण सगळा दिवस कुत्री आणि ससे तपासतो. तुझं पत्र मी त्यांना नेऊन दाखवीन, आणि ते पुन्हा तपासतील.

त्यांनी तिला झोपवायचं इंजेक्शन सुचवलं आहे. मी म्हटलं, विचारून सांगते. कुणाला विचारणार ते त्यांनी विचारलं नाही.

टपालाला दोन दिवस लागतात. लगेच लिही.

सुहासिनीकाकू


कोतो, १४ डिसेंबर २०१८

ती. काकू,

नाही.

उंदरांनी तो फुगवटा येत नाही. काकांच्या हाताने तर नाहीच. तुम्ही उंदीर देवांशेजारी ठेवले असते, रोज ताजे आणले असते, काकांनी तिच्याकडे नुसतं लांबून पाहिलं असतं, तरी हेच झालं असतं. ती माझ्या खोलीतून निघाली तेव्हाच झालेलं होतं. तुमच्याकडून काहीही चुकलं नाही, हे मला दुसऱ्या कुठल्याही पत्रात लिहायला आनंद झाला असता.

तुम्ही सांगितलं तसं एक पत्र मी लिहिलं होतं. विश्वजितला वाचून दाखवलं. तो म्हणाला, चांगलं झालंय, पाठव, म्हाताऱ्या माणसांना तेवढाच आधार. मग मला दिसलं, तुम्ही ते पत्र घेऊन पुन्हा टॅक्सी कराल, हमादा डॉक्टर पुन्हा उभे राहतील, आणि तोवर केशर आणखी बारीक होईल. तिला दुखतं, काकू. दिसत नाही म्हणून आपल्याला वाटत नाही. तुमच्या घरात एकदा गप्प बसले ते पुरे झालं.

माझे निकालही आले. जवळजवळ सगळ्यांना आहे. ज्यांना नाही त्यांना उद्या असेल. गेले दोन दिवस मी त्यांना घेऊन डॉक्टरकडे जात होते, आज संपलं. नोंदणी मी आपण होऊन परत केली. पेट्या फेकाव्या लागतात, धुऊन भागत नाही. मोठ्या कचऱ्याच्या चिठ्ठ्या लावून खाली ठेवल्या. विश्वजित म्हणतो, त्या खोलीत टेबल टाकू, घरून काम करता येईल. टाकेल तो.

इंजेक्शनला उशीर करू नका. मी येते तुमच्यासोबत. टोपली मी धरते.

मैथिली


कोबे, २६ डिसेंबर २०१८

चि. मैथिली,

झालं. तुला बोलावलं नाही. तू दारात दिसली असतीस तर माधवला वाटलं असतं, तू दुसरा काही इलाज घेऊन आलीस.

आदल्या संध्याकाळी मी केशरला त्याच्या हातावर दिलं, हातमोजे न घालता. तिच्या अंगाचा काही भार राहिला नव्हता. तिने वेढा घातला नाही, नुसती पडून राहिली, आणि हात हलत राहिला, त्याच्याबरोबर तीही. माधव म्हणाला, “आज बाईंना बरं नाही.” मी म्हटलं, “हो.” एवढं बोललो आम्ही.

दुसऱ्या दिवशी टॅक्सीवाल्याने टोपलीकडे बघितलं, काही विचारलं नाही. हमादा डॉक्टरांनी मला बाहेर थांबायला सांगितलं. मी आतच थांबले. त्याबद्दल लिहीत नाही.

घरी आले तर हा खुर्चीत. “केशर कुठे?”

मी म्हटलं, “मैथिलीकडे.”

तोंडातून गेलं. दारातून आत येईपर्यंत मी काहीही ठरवलं नव्हतं. मग पुढचं आपोआप आलं: कोबेची थंडी तिला मानवत नाही, मैथिलीकडे खास उबदार खोली आहे, डॉक्टरांनीच सुचवलं. तो बराच वेळ माझ्याकडे बघत होता. मग म्हणाला, “बरं केलंस. पण विचारत जा. विसरायचीस तू.”

तेव्हापासून रोज विचारतो, मैथिलीचं काही आलं का. आणि मैथिली, विचारताना तो बोलतो. केशर जेवली असेल का, कात टाकायला आली असेल, मैथिलीचा नवरा तिला घाबरत असेल. केशर हातावर असताना बोलायचा तेवढं नाही, पण बोलतो. हात थांबत नाही.

म्हणून हे पत्र. दर पंधरा दिवसांनी त्याच्या नावाने लिही. काय खाल्लं, किती वाढली, कुठे बसते. पाकिटावर त्याचंच नाव घाल, मी फोडणार नाही, त्याच्यासमोर वाचून दाखवीन. मला माहीत आहे, तू आता खरं बोलायला लागली आहेस. ते चांगलं झालं. मला त्याचा काही उपयोग नाही.

कचेरीला मी लिहिलेलं नाही, लिहिणारही नाही. तुला माफ केलं आहे असंही समजू नकोस. ते मला अजून जमलेलं नाही, जमलं तर कळवीन. ती दुपार मी पुन्हा पुन्हा आठवते. तू म्हणतेस तसं दोनदा तोंड उघडलं होतंस, आणि दोन्ही वेळा मीच तुला गप्प केलं. त्याचं काय करायचं ते मला कळत नाही.

सोबत माधवने लिहिलेली चिठ्ठी आहे. संध्याकाळभर लिहीत होता. लागली तर वाच.

पत्र वेळेवर येऊ दे.

सुहासिनीकाकू


कोतो, ५ जानेवारी २०१९

ती. माधवकाकांना मैथिलीचा साष्टांग नमस्कार.

तुमची चिठ्ठी मिळाली. नव्या वर्षाच्या सुट्टीमुळे उत्तराला उशीर झाला.

केशर मजेत आहे. आली तेव्हा थोडी दमलेली होती, दोन दिवस कुणाशी बोलली नाही. आता मागच्या खोलीत खिडकीजवळ तिची जागा केली आहे. दुपारी तिथे ऊन येतं, तेव्हा ती पेटीच्या काचेला डोकं लावून बसते. खाली शाळेतून येणारी मुलं दिसतात, ती तिला आवडतात की नाही ते कळत नाही. परवा जेवली, आणि जेवण पोटात राहिलं. डोळे निळसर झाले आहेत, म्हणजे कात टाकेल. अखंड निघाली तर तुम्हाला पाठवते.

तुम्ही विचारलंत, ती कुणाच्या हातावर बसते का. माझ्या हातावर घेऊन बघितलं. बसते, पण वेढा घालत नाही, लगेच उतरते. सवय तुमची आहे. विश्वजित दारातूनच बघतो.

चिठ्ठीतली शेवटची ओळ मला नीट लागली नाही, पण मार्चमध्ये तिला न्यायला येतो असं लिहिलंय असं वाटतं. काका, मार्चमध्ये कोबेत अजून गारठा असतो. घाई नको. एप्रिलमध्ये बघू.

काकूंना सांगा, केशरची तब्येत छान आहे.

तुमची,
मैथिली